डावं दार बंद

कोथरूडच्या आमच्या सोसायटीतली मुलं टेंभुर्णे सरांना चुकवण्यासाठी मागच्या भिंतीवरून उड्या मारून शाळेच्या बसला जात. पुढच्या फाटकाशी सर उभे असत. हातात पुठ्ठा, त्यावर त्यांनीच रंगवलेली अक्षरं, नारळाएवढीपासून मुंगीएवढीपर्यंत. "डावं दार बंद," ते म्हणत. म्हणजे डावा डोळा झाका. मग उजवा. दोन्ही वेळा सगळं वाचलं तरच सुटका.

सर मूळचे भंडाऱ्याचे. पुण्यात शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. घराघरांत नुकते कॉम्प्युटर आले होते आणि मुलं त्यांना चिकटली होती. सरांनी नोटीस बोर्डावर कागद लावला: "ज्यांच्या पाल्यांना फळा दिसत नाही, त्यांनी शिकवणी लावण्यापूर्वी चष्मा लावावा." सेक्रेटरींनी तो काढला. दुसऱ्या दिवशी तिथे नवा कागद: "कालचे अक्षर सेक्रेटरींना लहान पडले असावे."

मी सॉफ्टवेअर कंपनीत. एका सकाळी सरांनी मला स्कूटर काढताना अडवलं. माझी सई तेव्हा पहिलीत होती.

"उजवं दार बंद केलं की तुमची सई गप्प होते. तिच्या डाव्या डोळ्याचं बघा."

"सर, तिला टीव्ही व्यवस्थित दिसतो."

"एका डोळ्यानंही दिसतो. आपण इंजिनिअर ना?"

दिवाळीत त्यांनी पुन्हा विचारलं, परीक्षेच्या वेळी पुन्हा. बायको म्हणाली, "एवढ्यात चष्मा नको मुलीला." मला ते सोयीचंच होतं. पुढच्या वर्षी सरांनी चक्क हात जोडले. "हे प्रोजेक्ट संपलं की जातो," मी म्हणालो. प्रोजेक्ट संपलं, दुसरं आलं.

सई चौथीत असताना शाळेत डोळे तपासले आणि घरी चिठ्ठी आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा डोळा वापराविना मागे पडलाय. चांगला डोळा झाकून याला कामाला लावू. पण पूर्ण सुधारेल असं नाही सांगत. पहिलीत आणायला हवं होतं. कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

मी नाही म्हणालो.

सरांकडे गेलो ते टोमणा खायच्या तयारीनं. त्यांनी ऐकून घेतलं.

"माझ्या वर्गात एक मुलगी होती," ते म्हणाले. "फळ्यावरचं रोज चुकीचं उतरवायची. वर्षभर छड्या मारल्या मी तिला. तिला दिसतच नव्हतं. मला कळलं तोवर बापानं शाळा सोडवली होती. विश्रांतवाडीपर्यंत घर शोधत गेलो. ते लोक निघून गेले होते."

दुसऱ्या दिवसापासून सर संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावलेली सई आणि सर, दोघं बाल्कनीत बसून तांदूळ निवडत. ती चिडायची, ताट ढकलायची. सर सांडलेले दाणे गोळा करत आणि पुन्हा तिच्यापुढे ठेवत.

वर्षभरानं डॉक्टरबाई म्हणाल्या, आता पट्टी थांबवा, याहून फरक पडणार नाही. मी सरांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. सर मटकीची पिशवी घेऊन उभे होते. सई आतून आली आणि त्यांचा हात धरून त्यांना बाल्कनीत घेऊन गेली.