दमा, धूप आणि आरपार वारा

"दम्याचं मला शिकवणार? ही? हिचे दुधाचे दात कालपरवा पडले असतील!" स्तामेन्काने नाक मुरडलं. पिरोत गावच्या त्या गल्लीत बावीस वर्षं पाळणाघर चालवणारी बाई ती. अर्ध्या गावाची शेंबडी नाकं तिनंच पुसलेली! आणि आता म्हणे नवा नियम आला. प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या, नाहीतर दम्याचं मूल ठेवायचं नाही.

दम्याचं मूल तिच्याकडे एकच, चार वर्षांची लेन्का. पण ती म्हणजे स्तामेन्काचा जीव की प्राण! नापास झाली तर लेन्का समोरच्या पाळणाघरवाल्या रुझित्साकडे जाणार. सूपसुद्धा पुडीतलं करणाऱ्या त्या रुझित्साकडे!

म्हणून गेली वर्गाला. शिकवणारी तियाना, चिमूटभर पोरगी, बाहुलीच्या तोंडाला प्लास्टिकचं नळकांडं बांधून उभी. "धाप लागली तर मुलाला ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. दम्याचा पंप हलवायचा, नळकांड्याला लावायचा, एक फवारा, मग संथ श्वास. आता मी धाप लागल्याचं नाटक करते हं."

केलं की! भात्यासारखी घरघरली.

"नाटक कंपनीत जा गं, इथं कुठं फुकट चाललीयेस!" स्तामेन्का म्हणाली.

"आणि खोलीत धूर नको, उग्र वास नको. खिडक्या उघड्या ठेवा."

"समोरासमोरच्या? अगं, आरपार वाऱ्यानं मान आखडते! माझा नवरा त्यानंच गेला."

"त्यांना ट्रकनं उडवलं ना?" शेजारीण पुटपुटली.

"मान वळली असती तर दिसला असता ट्रक!"

परीक्षा गुरुवारी, स्तामेन्काच्याच घरी. तिनं पहाटेपासून फरशी ब्लीचनं अशी घासली की डोळे चुरचुरायला लागले. मग आठवलं, उग्र वास नको! ब्लीचचा वास घालवायला तिनं कुलसंताच्या सणासाठी राखलेला मठातला धूप काढला. एक निखारा पुरेना, तीन ठेवले. खिडक्या घट्ट बंद, फटींत चिंध्या. पोरांना जावेबरोबर अंगणात पिटाळलं आणि हात बांधून उभी राहिली. आता काढ म्हणावं खोट!

तियाना बगलेत बाहुली घेऊन आत आली. दोन पावलं टाकली, खोकली, खुर्ची धरून मटकन बसली.

"आल्या आल्या परीक्षा? बरं बाई!"

तियाना घरघरत दाराशी पडलेल्या आपल्या पर्सकडे बोट दाखवू लागली.

"हो हो, छान आहे पर्स. पण त्या दिवशी बरी करत होतीस गं, आज फारच ताणतेयस."

तियानाचे ओठ निळसर पडले.

"ओठसुद्धा रंगवून आलीस? सरकारचा पैसा असा जातो!"

तेवढ्यात खिडकीच्या काचेला चिकटलेलं एक नाक ओरडलं, "आजी, ती खरं करतेय! माझं पण अस्संच होतं!"

लेन्का! स्तामेन्का निखाऱ्यांकडे धावली. धूप थेट बादलीत! चिंध्या ओढल्या, खिडक्या उघडल्या. दोन्ही! समोरासमोरच्या! पर्समधून पंप काढला, नळकांडं असं हिसकलं की बाहुलीचं मुंडकं कपाटाखाली घरंगळलं.

"ताठ बस! आडवी झालीस तर बघ! घे, हळू घे, शहाणी गं माझी बाय ती..."

दोनचार फवाऱ्यांनी तियानाच्या गालांवर रंग आला. "काकू... मलाही लहानपणापासून आहे दमा."

"मग एवढ्या धुरात शिरलीस कशाला, मूर्खे?"

तियानानं लिहिलं: उपचार, उत्तम. खोली, नापास. "खिडक्या रोज उघडणार असाल, तरच लेन्का इथं."

लेन्का तिथंच आहे. खिडक्या सताड उघड्या, आणि स्तामेन्का दोन स्वेटर, कमरेला लोकरी पट्टा, गळ्याला मफलर गुंडाळून त्या वाऱ्यात खिडकीशी बसलेली.

"काय गं, मान वाकडी झाली वाटतं?" रुझित्सानं पलीकडून विचारलंच.

"छे! तुझ्या घराकडे बघायला नको म्हणून अशी धरलीय!"

असं ठणकावून स्तामेन्का तोऱ्यात आत निघाली. मान वळेना, म्हणून अख्खी वळली, कपाटासारखी!