न झालेल्या आजाराचा पुरावा

"बाळाला इतकं गुटगुटीत करू नकोस गं, केंद्राच्या निधीला नजर लागेल," असं मावशींनी मला बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

मावशी माझ्या नात्याच्या नव्हेत. एचआयव्ही असलेल्यांच्या घरी जाऊन गोळ्या नीट चालू आहेत ना, हे बघायचं त्यांचं काम. त्या स्वतःही त्याच गोळ्या घेतात, त्यामुळे त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत. शेजाऱ्यांच्या समजुतीनुसार त्या मला शिवण शिकवायला यायच्या. इतके दिवस शिकूनही माझ्या हातून एक झबलं पुरं होत नाही, याबद्दल शेजारच्या वहिनींना माझी फार कीव येई.

मला संसर्ग आहे, बाळाला नाही, कारण ते पोटात असताना मावशींनी माझी एकही गोळी चुकू दिली नाही. बाळाची शेवटची तपासणी स्वच्छ आली, तेव्हा मावशींनी पिशवीतली टेप काढून त्याचं पोट मोजलं आणि वरचा इशारा दिला.

निधी देणाऱ्या कार्यालयाचे साहेब एका सकाळी आमच्या केंद्राची पाहणी करायला आले. केंद्र म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पाटी नाही, ती नाही म्हणूनच आम्ही येतो. साहेब स्वभावाने चांगले होते. त्यांनी माझ्या बाळाच्या हातात बोट दिलं. मग आपण कुठे आलो आहोत हे आठवून काढून घेतलं.

"त्याला नाहीये, साहेब," मावशी म्हणाल्या.

बोट परत आलं.

"आणि बोट धरून होतही नाही," मावशी पुढे म्हणाल्या. पण तोवर साहेबांनी विषय बदलला होता.

"रुग्ण कधी येतील?"

"बसल्यात की समोर."

साहेबांनी आम्हाला निरखून पाहिलं. एकीने लिपस्टिक लावली होती. दुसरी तर चक्क हसत होती. "या सगळ्या ठणठणीत दिसतात!"

"गोळ्या घेतात ना."

"मग तुमचं काम संपलं की, बाई."

"साहेब, मावशी आल्या तरच मला गोळी घेता येते," दाराजवळच्या खुर्चीतून आवाज आला. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. तिला आम्ही 'दारावाली' म्हणायचो. नवीनच होती, सातवा महिना चालू होता, आणि कधीही उठून जाता यावं म्हणून चपला न काढता बसायची. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. "माझ्या गोळ्या मावशींच्या पिशवीत असतात. घरी कुणाला माहीत नाही. शिवणाच्या निमित्ताने रोज खोलीचं दार लावता येतं, म्हणून जमतं. नाहीतर सासूबाईंसमोर कशी घेऊ?"

साहेबांना वाईट वाटलं. परंतु ही अडचण वैयक्तिक स्वरूपाची असून निधी सामुदायिक स्वरूपाचा आहे, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. मग ते मावशींकडे वळले. "तुम्ही नेमकं काय केलंत, ते दाखवा."

मावशींनी माझं बाळ उचलून त्यांच्यापुढे धरलं. "हे. याला आजार झाला नाही."

"झाला नाही ते दिसतंय. पण तुमच्यामुळे झाला नाही, की आपोआप झाला नाही? न झालेल्या आजाराचा पुरावा काय?"

बाळाने पुराव्यादाखल साहेबांच्या पेनाचं टोपण तोंडात घातलं. दारावाली खुदकन हसली. तिचं ते हसणंही आम्हाला नवीनच.

साहेबांनी शास्त्रीय मार्ग काढला. "भेटी काही महिने थांबवून पाहू. आजार वाढला, तर तुमच्या कामाचं महत्त्व सिद्ध होईल. निधी ताबडतोब मंजूर!"

"आणि नाही वाढला तर?"

"तर तुमची गरजच नव्हती. म्हणजे दोन्हीकडून आनंदच."

"अहो, पण वाढला म्हणजे कुणाच्या तरी पोटातल्या बाळाला..."

"त्या बाळाची काळजी करू नका, बाई. झालेल्या आजारासाठी आमच्याकडे स्वतंत्र तरतूद आहे."

मावशी ऐकणाऱ्या नव्हत्या. त्या पदरमोड करून घरोघरी गेल्या असत्या. हे कार्यालयानेही ओळखलं. अभ्यासाच्या शुद्धतेसाठी त्यांना दूरच्या गावी निवासी प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं. नकार दिल्यास केंद्र कायमचं बंद. प्रशिक्षणाचा विषय, 'समाजाशी सतत संपर्कात कसे राहावे'. तिथे फोन दारातच काढून घेतात.

मी मावशींकडे दारावालीचा पत्ता मागितला. "तिला विचारल्याशिवाय कसा देऊ गं? उद्या सकाळी जाते ना, तेव्हा विचारते," त्या म्हणाल्या. पण उजाडताच कार्यालयाची गाडी त्यांना न्यायला हजर. कार्यालयाची कुठलीही गोष्ट वेळेआधी आल्याचं एवढं एकच उदाहरण मला माहीत आहे. पिशवी केंद्रातच राहिली. ती मी खालच्या सायकलवाल्याकडून किल्ली घेऊन आणली. टेप, कात्री, आणि तळाशी दारावालीच्या गोळ्या.

मी थेट साहेबांकडे गेले. म्हटलं, पत्ता द्या.

साहेब दुखावले. "पत्ता? ताई, गोपनीयता म्हणून काही असतं की नाही?" मग खुशीत येऊन म्हणाले, "बाकी अभ्यास उत्तम चाललाय हं. भेटी थांबल्यापासून एकही तक्रार नाही."

तक्रार मावशींकडेच करायची असते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी बाळाला बोट दिलं.

केंद्राला कुलूप आहे, दारावाली तिकडे फिरकलेली नाही. तेव्हापासून बाळाला कडेवर घेऊन मी गल्ल्या पालथ्या घालते आहे. खिडक्यांकडे बघत चालते, म्हणून लोक मला भाड्याच्या खोल्या सुचवतात. मला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही.

तेव्हा एवढं करा. तुमच्या जिन्यात, वरच्या किंवा खालच्या मजल्यावर, आठवा लागलेली, घरातल्या दारातही चपला घालून उभी राहणारी एखादी सून असेल, तर तिच्याकडे जा. शिवण शिकवायला आलोय, असं सांगा. शिवण येत नसलं तरी चालतं, मावशींनाही येत नव्हतं. दार लावून घेतलंत की हळूच सांगा, पिशवी सापडली आहे, सायकलवाल्याकडे निरोप ठेव.

शेवटच्या पायरीवर तुम्ही थबकाल, आणि आपल्याला इथे कुणी बघत तर नाही ना, म्हणून मान वळवाल. खुशाल वळवा. आम्हाला ती सवय तुम्हीच लावलीत. पण मग दार वाजवा.