वस्तीच्या गाडीचा कंडक्टर आणि गंगुबाईंची धुरी

भागोजी कंडक्टरला सर्दी होत नसे. म्हणजे असं तोच सांगे! त्या वर्षी श्रावणात तापसरीची साथ आली. गाडीतलं अर्धं गिऱ्हाईक शिंकत चढायचं नि उरलेलं खोकत उतरायचं. पण भागोजी छाती पुढे काढून मधून फिरायचा.

"अहो, अख्ख्या तालुक्याच्या शिंका या अंगावर घेतल्यात मी! जंतू मला बघतात आणि चालत्या गाडीतून उड्या टाकतात!"

हे तो ज्या दिवशी म्हणाला, त्याच दिवशी चिपळूणहून वस्तीची गाडी घेऊन येताना शृंगारतळीच्या चढावर त्याला पहिली शिंक आली. शिंक कसली, सुरुंग! पुढच्या बाकावरच्या म्हातारबांची टोपी उडाली. आणि गाडी वेळणेश्वराच्या अलीकडच्या त्या वाडीत वस्तीला थांबली, तेव्हा भागोजी तव्यावरच्या भाकरीसारखा तापला होता. घसा तर असा बसला होता की "उतरा" म्हणायला गेला तर कोंबडं ओरडल्यासारखं वाटे.

वस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर गंगुबाईंच्या पडवीत मुक्काम करत. गंगुबाईंचा नवरा बोटीवर, त्यामुळे घराचं सुकाणू त्यांच्याच हाती. भागोजी पडवीत येऊन बाकड्यावर कोसळला, तशा त्या पदर खोचून बाहेर आल्या.

"काय झाला रे कंडक्टर?"

"काय नाय, वहिनी. जरा कसर आहे. उद्या गाडी जाईलसं वाटत नाही."

झालं! हे वाक्य त्याने गिळायला हवं होतं! कारण दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला गंगुबाईंच्या चिमाची डी.एड.ची मुलाखत होती. वाडीतली पहिली शिकलेली पोरगी. चिपळूणला जाणारी सकाळची हीच गाडी चुकली तर मुलाखतही चुकली, आणि मामाने आणलेलं लग्नाचं स्थळ मात्र टपूनच बसलेलं! चिमाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, आता गं?"

"रडू नको," गंगुबाई म्हणाल्या. "कंडक्टर सकाळी उभा ऱ्हाईल. नाय ऱ्हायला तर मी करीन!"

सखाराम ड्रायव्हर शहाणा माणूस. "मी जरा गाडीतलं पाणी बघून येतो," म्हणून तो सटकला तो सटकलाच.

मग जे सुरू झालं, ते बघून भागोजीचे डोळे विस्फारले. सहाणेवर वेखंड आणि सुंठ उगाळून त्याच्या कपाळावर असा जाड लेप बसला, की भुवई उचलता येईना. गवती चहा, तुळस, आलं, मिरी यांचा काढा आला. पहिल्या घोटाला त्याला कोयनेचं धरण दिसलं, दुसऱ्याला मेलेली आजी. तव्यावर तापवलेली ओव्याची पुरचुंडी छातीवर. निरगुडीच्या पाल्याचा वाफारा कांबळ्याखाली. घरात एवढं काही असू शकतं? नि ही बाई न चाचपडता अंधाऱ्या कोनाड्यातून नेमकी तीच पुडी काढते कशी? ताप विसरून तो नुसता बघत राहिला.

तेवढ्यात शेजारची सगुणा पातेलं घेऊन आली. "मुठ्यांचा कढण! आताच बांधावरचे खेकडे धरून आणलेत. छातीतला कफ असा पळेल!"

"अगं, श्रावण हाय ना?" भागोजी घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"श्रावण पाळायचा का गाडी सोडायची?" गंगुबाईंनी विचारलं. महादेव समजून घेईल, असं सगुणेनेही सांगितलं. भागोजीने कढण प्यायलं. कानातून वाफ आली!

शेवटी धुरी! सगुणेने त्याच्या गळ्यात लसणीची माळ घातली. गंगुबाईंनी निखाऱ्यांवर ओवा, कडुनिंब आणि लसणीच्या साली टाकल्या. पण ओल्या पाल्याचा धूर असा उसळला की पडवी दिसेना. लोकांना वाटलं, गंगुबाईंचं घर पेटलं! दिवेलागणीला बसलेली सारी वाडी हंडे-कळश्या घेऊन धावत आली.

आणि धूर जरासा विरला, तेव्हा त्यांना काय दिसलं? बाकड्यावर उभा असलेला भागोजी! अंगावर कांबळं, गळ्यात माळ, कपाळभर लेप, डोळे लालबुंद, नखशिखांत थरथर!

"अगो बाय!" सगुणा किंचाळली. "वारा आलाय अंगात!"

हंडे खाली आले, हात वर गेले.

भागोजीचा ताप डोक्यात गेला होता. त्याला वाटत होतं आपण गाडीतच आहोत आणि ही गर्दी चढायला आलीय! सगुणा पुढे झाली. "देवा, माझा बाळा ममईला हाय. गणपतीला येईल काय?"

"घाई करू नका!" भागोजी घुमला. "मागची गाडी येतेय!"

"येणार! पण मागनं येणार!" सगुणेने कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

मग विठू आणि रामा हे दोघे सख्खे भाऊ पुढे आले. बांधावरून त्यांची बोलाचाल बंद होती, एकमेकांच्या घरची सुतकंसुद्धा पाळत नसत. "देवा, बांधाचा काय करायचा?"

"दोघांनी थोडं थोडं सरका!" भागोजी कडाडला. "आत भरपूर जागा आहे! उगाच दारात उभे राहू नका!"

विठूने रामाकडे पाहिलं, रामाने विठूकडे. आणि एवढे दांडगे बाप्ये गळ्यात गळा घालून ढसाढसा रडले! जमलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

आता गंगुबाई हात जोडून उभ्या राहिल्या. साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "पोरीचा काय, देवा? जाऊ दे तिला?"

भागोजीने हात वर केला. डोक्यावर कपडे वाळत घालायची दोरी होती, ती त्याने दोनदा खेचली. "टिंग टिंग! जाऊ द्या!" असं ओरडला, आणि दोरी, ओली लुगडी, लसूण सगळ्यासकट आडवा झाला. घोरायलाच लागला.

सकाळी जाग आली तेव्हा घामाने कांबळं भिजलं होतं, ताप पार उतरला होता आणि भूक वाघासारखी लागली होती. तांदळाची भाकरी खाऊन तो थांब्यावर गेला आणि थबकला. लोक रांगेत उभे! खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं नाही, कोपर मारणं नाही. त्याच्या सीटवर जास्वंदीचा हार. एका म्हातारीने त्याच्या हातात नारळ ठेवला.

"सखाराम, हे काय रे?"

"देवा, डबल बेल मारा," सखाराम गालात हसत म्हणाला आणि चिपळूण येईपर्यंत त्याने सगळं रंगवून सांगितलं. भागोजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे चिमा मात्र शांतपणे पुस्तक वाचत बसली होती.

चिमाची निवड झाली. बांधाचा दगड दोघा भावांनी मिळून हलवला. बाळा गणपतीला आला, तोही पहिली गाडी चुकवून मागच्या गाडीने! हे कळलं तेव्हा भागोजीच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या तापात आपण बोललो, की आपल्यातून आणखी कोणी? पुढच्या वस्तीला त्याने ठरवलं, खरं सांगून टाकायचं.

"वहिनी, माझ्या अंगात देवबिव काय नव्हता. तापात बरळलो मी."

गंगुबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ठाव हाय मला. धुरी मीच घातली होती ना?"

"मग लोकांना सांगा की!"

"कशाला? भाव एका ताटात जेवतात. पोर शाळामास्तरीण व्हनार. तू सांगून काय मोडतोस? गप ऱ्हा."

आता भागोजीला उमगलं. कोनाड्यातल्या त्या पुड्या काहीच नव्हेत, खरं औषध तर या बाईच्या डोक्यात होतं!

तेवढ्यात वाडीतला केरू अंगणात येऊन हात जोडून उभा राहिला. "कंडक्टरदेवा, माझी म्हस गाभण हाय. काय होईल?"

भागोजीने गंगुबाईंकडे पाहिलं. त्या खडे वेचत होत्या. त्याने डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि गंभीर आवाजात सांगितलं, "रेडकू होईल."

केरूने लोटांगण घातलं.

आणि खरंच, रेडकूच झालं हो! वाडीभर पेढे वाटले. भागोजीनेही एक खाल्ला, मान खाली घालून.