स्वप्नांशेजारची जाहिरात

आमच्या मेडशीत सकाळी माणसं एकमेकांना चहा झाला का, नळ आले का, असं विचारतात. शेजारचे उत्तमकाका फाटकापाशी येतात, "जय भीम" म्हणतात आणि त्याच दमात विचारतात, "काय पाह्यलं?"

नवख्याला वाटतं, टीव्हीवर काय पाहिलं ते विचारताहेत. आमच्याकडे पाहुणा आलेल्या मामाने एकदा "मॅच" असं उत्तर दिलं होतं. काकांनी त्याच्याकडे जरा दयेनेच बघितलं.

"जागेपनीचं नाई हो. झोपेतलं."

काका एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर लोकांना 'कुठं जायचं?' विचारलं, आता 'कुठून आले?' विचारतो, असं त्यांचं म्हणणं. सकाळी गावभर फिरून ऐकलेली स्वप्नं दुपारी ते माझ्याकडे आणतात आणि मी ती टाइप करून त्यांच्या वेबसाइटवर टाकते. वेबसाइटचं नाव 'रातची खबर'. मंदाकाकू गेल्यावर त्यांच्या मुलाने, पुण्याच्या प्रशांतदादाने, ती काढून दिली. बाबांचं मन रमेल म्हणून.

मी इंग्रजी शाळेत शिकले. त्यामुळे गावात माझ्याबद्दल दोन समज आहेत. एक, मला कॉम्प्युटरचं सगळं येतं. दोन, मला बोलता येत नाही. दुसरा बराचसा खरा आहे. काकांचं येणं मला आवडतं ते म्हणूनच. ते मलाही विचारतात, मी "काही नाही पडलं" म्हणते आणि ते खोदत बसत नाहीत.

दुपारी गाव पेंगलेलं असतं. खिडकीवर ओली चादर टाकून आम्ही बसतो आणि काका डोळे मिटून सांगत जातात. पलीकडच्या कांताबाईंची बकरी पत्र्यावर चढली आणि तिथून मान लांब करून तिने ढगाचा एक कोपरा खाल्ला. शिंपीकाम करणारे रफिकचाचा मशीनवर बसून तळ्याच्या पाण्यावरून निघाले. पाय हलतील तसा मागे पांढरा धागा सुटत होता, पण पाणी काही शिवलं जात नव्हतं. टाइप करता करता माझीही बोटं जड होतात. काका मध्येच थांबतात. तेव्हा ते झोपलेत की आठवताहेत, हे मला आजवर कळलेलं नाही.

मग प्रशांतदादाचा फोन आला. वेबसाइटच्या नावाचं आणि जागेचं भाडं दर वर्षी तोच भरायचा. "बाबा, यंदा भरलंय. पुढच्या वर्षी साइटनं स्वतःचं भाडं स्वतः काढलं तर ठेवू, नाही तर बंद करू."

काकांच्या पेन्शनीत औषधंच जेमतेम बसतात. तरी ते ठसक्यात म्हणाले, "काढीन. आपली गाडी काय रिकामी धावून नाई राह्यली."

म्हणून मी साइटवर जाहिराती लावल्या. काकांना समजावलं, की एक कंपनी असते, तिचं यंत्र आपलं पान वाचतं आणि त्याला शोभेल अशी जाहिरात शेजारी आणून ठेवतं. लगेच उघडून दाखवलं. बकरीच्या स्वप्नाशेजारी छपराच्या पत्र्यांची जाहिरात होती आणि चाचांच्या तळ्याशेजारी शिलाई मशीनची.

"म्हंजे थे वाचते?"

"वाचतं."

"पूर्न?"

"पूर्ण."

काका बराच वेळ पत्र्यांकडे बघत राहिले. "प्रशांतनं अजून एकबी नाई वाचलं," एवढंच म्हणाले.

आपल्याच जाहिरातीवर आपण बोट दाबायचं नाही, दाबलं तर कंपनी खातं बंद करते, हेही मी सांगितलं. तेव्हापासून ते लॅपटॉपसमोर मांडीवर हात दाबून बसू लागले. चाचांनाही बजावून आले, "पाहा, पन बोट लावू नका. ताजा रंग दिलेली भिंत समजा."

महिन्याने कमाई बघितली. तालुक्याला, मालेगावच्या स्टँडवर, एक कचोरी आली असती, तीही चहाशिवाय. त्यात कंपनी ठरावीक रक्कम साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही.

"तवलोक?"

"तोवर नुसते स्क्रीनवर दिसतात."

"मंग हेबी सपनच झालं."

मी म्हटलं, मराठी पानांना भाव कमीच मिळतो, शिवाय सगळ्या शब्दांना सारखा भाव नसतो. बकरीला कोणी विचारत नाही. विमा, कर्ज, गुडघ्याचं ऑपरेशन, अशा शब्दांवर कंपन्या बोली लावतात.

काका सावरून बसले. "म्हंजे मालेगावले सोयाबीनची होते तशी हर्रास?"

"तशीच. शब्दांची."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "कांताबाई, बकरी लय झाली आता. जरा विम्याचं पाहा ना."

"माह्या सपनात विमा कायले येते, उत्तमभाऊ? मी का हप्ते भरून राह्यली?"

"लहानसा पाहा. पिकाचा."

रफिकचाचांच्या दुकानातही तोच प्रकार. "चाचा, गुडघ्याचं ऑपरेशन कधी दिसलं का?"

"अल्ला ना करे! सुबह सुबह काहून बद्दुआ देऊन राह्यले, भाऊ?"

पण मेडशीच्या लोकांना नाही म्हणता येत नाही. आठवड्याभरात चाचा तळं ओलांडून थेट घरकर्जाच्या कचेरीत उतरले. कांताबाईंच्या बकरीचा विमा निघाला. कोणी झोपेत नवं सिमकार्ड घेतलं, कोणी ट्रॅक्टर फायनान्सवर. कमाई खरंच वाढली. भाडं निघेल असं वाटू लागलं. काका मात्र सांगताना डोळे मिटेनासे झाले. यादी वाचावी तसे घडाघडा सांगायचे आणि उठायचे.

एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. काका नेहमीप्रमाणे कांताबाईंच्या फाटकाशी उभे होते. कांताबाई म्हणाल्या, "भाऊ, रात्री मंदाबाई दिसल्या."

काकांचा हात कडीवर तसाच राहिला. "कुठं?"

"तुमच्याच ओट्यावर. सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. अन् मले म्हने, कांता, विमा काढून घेजो."

काका एक पाऊल पुढे आले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग, कांता. हे माह्या वेबसाइटसाठी बनवलं का?"

कांताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "विमा बनवला," त्या म्हणाल्या. "मंदाबाई नाई बनवल्या."

"आन घे."

"नातवाची आन, भाऊ."

"चष्मा होता का?"

कांताबाईंनी डोळे मिटले. आठवून बघितलं. "चष्मा नव्हता."

"म्हंजे पयलेची," काका म्हणाले. "चष्म्याच्या आंधीची. बोलली का काही?"

"नाई. मी आवाज दिला तं वर पाह्यलं, अन् पुन्हा निवडाले लागल्या."

"बरी होती?"

"बरी होती, भाऊ."

काकांनी मान हलवली. मग कांताबाईंकडे नाही, माझ्याकडेही नाही, मधल्या भिंतीकडे बघून म्हणाले, "माह्याकडं एकडावबी नाई आली. म्हून तं सारं गाव विचारत फिरतो. म्हटलं, कोनाकडं तरी थे जाईन."

माझ्या हातात ओला टॉवेल होता. तो मी उगाचच पुन्हा पिळला.

दुपारी ते आले आणि म्हणाले, "विमा, कर्ज, गुडघे, सारं काढून टाक."

"काका, मग भाडं नाही निघायचं."

"नाई निघालं तं बंद पडन. पन उद्या पुन्हा कोनी खरं सांगतलं तं मले समजन कसं, पोरी?"

मी एकेक पान काढून टाकलं. बकरी राहिली, तळं राहिलं. मग काकांनी डोळे मिटले आणि कांताबाईंचं स्वप्न सांगितलं: ओटा, सूप, तूर, वर बघणं, चष्मा नव्हता. विम्याचं वाक्य त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चार ओळींचंच झालं.

पान उघडलं. शेजारची चौकट थोडा वेळ रिकामी होती, मग तीत जाहिरात आली. चष्म्यांची. नव्या फ्रेमवर सवलत, आणि चष्मा लावून हसणारी एक बाई.

मी घाईने लॅपटॉप मिटायला गेले, तर काकांनी हाताने थांबवलं. पुढे वाकून त्यांनी ती जाहिरात वरपासून खालपर्यंत वाचली, खालची बारीक अक्षरंसुद्धा.

"वाचलं तं त्यानं सारं," ते म्हणाले. "पन 'नव्हता' काही त्याले वाचता येत नाई."