हा कंचा बस, मास्तर?

पूर्णगडच्या एस.टी. थांब्यावर इब्राहिमचाचांसमोर जो "बस" म्हणाला, तो मेलाच.

"कंचा बस?" चाचा विचारीत. "गाडीवाला, पुरेवाला, का बूड टेकायचा?"

चाचा तीस वर्षं जहाजावर खलाशी होते. तेवढ्या काळात बाकीच्यांनी घरं बांधली, टेपरेकॉर्डर आणले. यांनी एक शब्द आणला. आखातात 'बस' म्हणजे पुरे, आणि तोच 'बस' म्हणजे 'पण'. मोंबासाला 'बासी' म्हणजे 'बरं, मग'. फ्रेंच माणूस 'बस' लिहितो, 'बा' वाचतो आणि अर्थ काढतो 'खाली'. "शेवटचा अक्षर खातात मेले!" हे सगळं ऐकून होईपर्यंत रत्नागिरीची गाडी निघून गेलेली असे. मी त्यांचा शेजारी आणि वर शाळेत मराठीचा मास्तर, त्यामुळे मला हा छळ घरपोच होता.

त्यांचा मुलगा आखातात, दम्मामला. दर शुक्रवारी आमच्याकडे त्याचा फोन येई. "अब्बा, यायचं हाय, बस..."

"हा 'पण'वाला," रिसीव्हरवर हात ठेवून चाचा मला समजावत. तो 'पण' सात वर्षं टिकला. दोन हजार साली चाची गेली, तेव्हाही मुलगा आला नाही. 'पण' तेवढा आला.

आता तरी चाचांची टकळी थांबेल असं मला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. पण ती वाढलीच. एका दुपारी मी वैतागून म्हणालो, "चाचा, जगात दुसरा शब्द नाही का हो?"

चाचा माझ्या ओटीवर टेकले.

"मास्तर, मी तिचे पाय चेपीत होतो. ती बोलली, 'बस.' मला वाटलं, पुरे झालं. उठलो नि बंदरावर गेलो. आलो तर सगळा आटोपलेला. तुमी मराठीचे. सांगा, ती पुरे बोलली, का मला बसाया सांगितलन?"

मला झटकन व्याकरण आठवलं. "चाची तुम्हाला कधी अरे-तुरे करायच्या का?"

"तोबा! जन्मात नाय."

"मग झालं तर! बसायला सांगायचं असतं तर 'बसा' म्हणाल्या असत्या. 'स'ला काना आला असता. नुसतं 'बस' म्हणजे पुरेच. तुम्ही त्यांचं ऐकलंत, उठलात, काही चुकलं नाही तुमचं."

उत्तर चोख होतं. मला स्वतःचं कौतुकही वाटून गेलं.

चाचा ओटीवर बोटानं एक उभी रेघ ओढत होते, पुसत होते.

"पण मास्तर," ते म्हणाले, "काना बोलाया दम लागतो ना? तेवढा तिच्यात उरला नसंल तर?"

काना राहिला म्हणून मी जन्मभर पोरांचे मार्क कापले. चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घरी गेले.