करपलेल्या दुधाची समिती

"पत्र माझ्या हातात द्या, लिहिणाऱ्याच्या पोटात काय आहे ते सांगतो!" असं मसुदेपंत छातीठोकपणे सांगत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. पाणीपुरवठा खात्यातल्या तक्रारींना उत्तरं देणं हे त्यांचं काम, आणि सगळे मसुदे त्यांचेच, म्हणून ते मसुदेपंत.

नव्या कारकुनांना ते स्वतः शिकवत. "'विचाराधीन आहे' म्हणजे अर्ज कपाटात. 'गांभीर्याने विचाराधीन आहे' म्हणजे कपाटाला कुलूप. आणि 'समिती नेमली आहे' म्हणजे किल्ली हरवली!"

दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी वाचणाऱ्या या माणसाची घरात एकच तक्रार होती, आणि ती बायकोला सांगायची हिंमत नव्हती. दूध! बायको दूध गॅसवर ठेवायची आणि बहिणीला फोन लावायची. गप्पा तब्येतीवरून सुरू व्हायच्या, मुलांच्या शाळेवरून बहिणीच्या सासूपर्यंत पोचायच्या, आणि तोवर दूध तळाला लागलेलं असायचं. पंत लग्नापासून करपलेला चहा आणि करपलेली कॉफी निमूट पीत होते. बायको स्वतः दूध-चहा घेत नसे, फोनच्या नादात तिला वास येत नसे आणि पातेलं पंत गुपचूप घासून ठेवत, त्यामुळे तिला पत्ताच नव्हता.

एका सुट्टीच्या दुपारी ते आइस्क्रीम खात होते. डब्याच्या झाकणावर लिहिलं होतं, 'नवी चव सुचवा, आम्हाला जरूर लिहा.' पंतांचे हात शिवशिवले! त्यांनी लगेच लिहून टाकलं:

'महोदय, आपण व्हॅनिला काढलंत, चॉकलेट काढलंत. परंतु ज्या चवीवर माझा पिंड पोसला, ती करपलेल्या दुधाची चव आपल्याकडे नसावी, ही खेदाची बाब आहे. आमच्याकडे ती रोज ताजी मिळते. आमच्या सौभाग्यवती या कलेत पारंगत आहेत. बहिणीच्या सासूचा विषय निघाला की त्यांच्या हातचं दूध असं काही करपतं, की शेजारी खिडक्या लावून घेतात.'

उत्तर आलं. 'आपली सूचना गांभीर्याने विचाराधीन आहे.'

"कुलूप!" पंत ऑफिसातल्या शिपायाला टाळी देत म्हणाले. मग त्यांना चेवच चढला. दुसऱ्या पत्रात त्यांनी पातेल्याच्या बुडाचं रसभरीत वर्णन केलं. उत्तर आलं, 'या कामी समिती नेमली आहे.'

"किल्लीही गेली!"

"पंत, पण खरंच नेमली असेल तर?" शिपाई म्हणाला.

"अरे वेड्या, समिती कुणी खरी नेमतं का?"

तिसऱ्या पत्रात त्यांनी समितीला सहकुटुंब चहाला बोलावलं! उत्तर आलं, 'समिती रविवारी सकाळी प्रत्यक्ष पाहणीस येत आहे.'

"पाहणी! म्हणजे मिटलंच. आपल्या खात्यानं पाहणी जाहीर केली की लोक विहीर खणायला घेतात!"

रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात तिघं उभी होती. एक ढेरपोट्या अधिकारी, थर्मामीटर घेतलेली एक मुलगी, आणि पांढऱ्या कोटातले एक म्हातारे गृहस्थ. म्हाताऱ्यांनी खिशातून मखमली डबी काढली आणि डबीतून चमचा.

"आम्ही समिती!" अधिकारी म्हणाला.

"कोणाची?"

"तुमचीच!"

पंत दार लोटू लागले. तेवढ्यात पदराला हात पुसत बायको बाहेर आली. "अहो, कोण आलंय?"

"ते... पाण्याचं मीटर बघायला..."

"चमच्यानं?"

"वहिनी," अधिकारी हात जोडून म्हणाला, "तुमच्या हातच्या दुधाची कीर्ती ऐकून आलोय आम्ही. साहेबांनी तीन-तीन पत्रं लिहिली!"

बायकोनं पंतांकडे पाहिलं. असं तिनं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "अहो! तोंडानं कधी एक शब्द नाही, आणि परक्यांना पत्रं?" ती चक्क लाजली. पंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी गेली तरी बेहत्तर, पण पत्रात काय लिहिलंय ते हिला कळू नये आणि ही नजर अशीच राहावी, एवढंच त्यांना वाटत होतं.

बायकोनं पदर खोचला, फोन बाजूला ठेवला आणि सगळं लक्ष एकवटून दूध तापवलं. म्हाताऱ्यांनी चमचाभर चाखलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे नव्हे."

"चांगलं झालंय की!" बायको म्हणाली.

"तेच तर!"

"समितीसमोर हात अवघडतो हो," पंत घाईघाईनं मध्ये पडले. "अगं, पुन्हा ठेव. आणि जरा बहिणीला फोन कर ना."

"घरात पाहुणे बसलेत आणि मी फोनवर बोलू? शहाणेच आहात!"

दुसरं दूध पहिल्याहून सुरेख झालं! समिती आपसात कुजबुजू लागली. "अहो, आम्ही कारखान्यात एक यंत्र थांबवून ठेवलंय," अधिकारी पंतांच्या कानात गुरगुरला. "थट्टा केलीत का आमची?" थट्टाच केली होती, पण ती कोणी कोणाची केली होती हेच पंतांना कळेनासं झालं होतं! ते न्हाणीघरात शिरले, नळ सोडला आणि मेहुणीला फोन लावला.

"ताईला फोन करा. आत्ता! सासूबाईंचा विषय काढा!"

"भाऊजी, तुम्हाला बरं आहे ना?"

"नाही! करा!"

तिसरं पातेलं गॅसवर असतानाच फोन वाजला. "अगं, नंतर बोलू, पाहुणे... काय? सासूबाई असं म्हणाल्या? सगळ्यांसमोर? मग तू काय म्हणालीस?"

हळूहळू तो वास आला. म्हातारे डोळे मिटून खुर्चीतून उठले. "हीच ती चव!"

"करपलं! करपलं!" अधिकारी टाळ्या पिटू लागला. मुलीनं पातेल्यात थर्मामीटर खुपसला.

"अगं बाई, करपलं मेलं!" बायकोनं कपाळाला हात लावला.

"वहिनी, पत्रात लिहिलंय त्याहून सरस!" असं म्हणून अधिकाऱ्यानं खिशातून पंतांचं पत्र काढलं आणि मोठ्या प्रेमानं पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत आवाजात वाचलं. खिडक्या लावणाऱ्या शेजाऱ्यांसकट!

बायकोनं फोन ठेवला आणि गॅस बंद केला.

"रोज करपलेलं असायचं?" बायकोनं विचारलं.

"थोडंसं," पंत म्हणाले. "रोज."

"आणि मला सोडून सगळ्या जगाला सांगितलंत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मग आता काय बरं वाटतंय?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं.  आपण फार वाईट केलं, हे पंतांना आत कुठेतरी लागलं.

"वहिनी," म्हातारे चमचा पुसत हळूच म्हणाले, "आम्ही कारखान्यात वर्षभर दूध जाळतोय. नुसतं जळतं, असं करपत नाही. तुम्ही याल का आमच्याकडे?"

बायकोनं डोळे पुसले. "तिथे फोनवर बोलू देतात?"

"कामाचाच भाग समजा!"

ती कारखान्यात कामाला जाऊ लागली. कंपनीनं तिला स्वतंत्र शेगडी दिली, शेजारी फोन दिला, आणि करपलेल्या दुधाचं आइस्क्रीम दुकानात आलं की लगेच संपू लागलं. पंतांवर मात्र तिचा राग बरेच दिवस होता. घरचं दूध आता पंत तापवतात. डोळ्याची पापणी लवू न देता समोर उभे राहतात, त्यामुळे चहा अगदी निर्दोष होतो, आणि त्यांना तो मुळीच गोड लागत नाही.

शेवटी एका सकाळी त्यांनी धीर केला. "अगं, आज जायच्या आधी दूध तेवढं तूच ठेवतेस का? तुझ्या हातची सवय झाली होती गं. खरंच आठवण येते."

बायकोनं चपला घालता घालता त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं.

"दुकानातून आइस्क्रीमचा कप आणा," ती म्हणाली. "मी आता फुकट करपवत नाही!"

पंतांनी मुकाट्यानं पिशवी उचलली.