बारकोडवालं मुंगूस

"ह्या कोल्हापुरात नावाजण्यासारखं दोनच हुतं. एक जकात नाका आणि दुसरं माझं नाक. नाका सरकारनं बंद केला. नाक चालू हाय."

विजयसिंह इंगवले हे वाक्य प्रत्येक नव्या पक्षकारासमोर म्हणत आणि म्हणून झालं की दोन बोटं मिशीवरून फिरवत. सव्वीस वर्षं त्यांनी जकात नाक्यावर काढली होती. ताडपत्रीखालचा माल आपण नुसत्या वासावर ओळखत होतो, असा त्यांचा दावा होता. गुळाचा ट्रक शेणखत म्हणून सोडला होता तो दिवस ते हिशेबात धरत नसत. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिवाजी पेठेत घरावर पाटी लावली : 'विजयसिंह इंगवले, गुप्तहेर.' अक्षरं लाल, हातभर उंच, भोवती पळते दिवे.

"आण्णा, गुप्त म्हणतासा आणि पाटी एवढी?" समोर राहणाऱ्या केरबानं विचारलं होतं.

"गुप्त कोण हाय ते लोकास्नी कळाय नको?"

केरबा रिक्षा चालवायचा. गुप्तहेराला वाहन लागतं, आणि विजयसिंहांना स्कूटर चालवता येत नव्हती, एवढ्या एका कारणानं तो सहायक झाला होता. आतापर्यंत दोघांनी तीन केसेस सोडवल्या होत्या. त्यातली मोठी सायकलच्या हरवलेल्या कुलपाची. कुलूप सायकललाच होतं.

चौथी केस आली ती एका शनिवारी सकाळी. दोघं कट्ट्यावर मिसळ खात होते. विजयसिंहांनी तिसऱ्यांदा रस्सा मागितला तेवढ्यात फोन वाजला. रुईकर कॉलनीतल्या अरिहंत मगदूमच्या घरी चोरी झाली होती.

"पोलिसांस्नी का न्हाय सांगितलं?" केरबानं रिक्षा सुरू करता करता विचारलं.

"सांगितलं. ते हसले म्हणं."

अरिहंत पन्नाशीचा. शिरोली एमआयडीसीत त्याची फौंड्री होती. दिवसभर वितळलेल्या लोखंडासमोर उभा राहणारा गडी, पण घरी कॉमिकला हात लावायचा तर आधी हात धुवायचा, पुसायचा आणि वर फुंकर मारून वाळवायचा. माडीवरच्या खोलीत त्याची अकराशे अमेरिकन कॉमिकं होती. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पाठीला पांढरा पुठ्ठा. एकदा पिशवीत गेलेला अंक तो परत बाहेर काढत नसे.

"मग वाचतासा कसं?" केरबानं विचारलं.

"वाचायला दुसरा घेतो."

एवढी मोठी फौंड्री चालवणारा माणूस येडा असेल असं त्याला वाटेना.

"तर काय गेलं?" विजयसिंहांनी वही उघडली.

"थंडर मंगूस, अंक एकशेबारा," अरिहंतचा आवाज बसला होता. "न्यूजस्टँड."

चहा घेऊन अरिहंतची आई, राजमती आक्का, दारात आल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, पण कान तिखट. "स्टँड गेलं? कुठलं रं स्टँड?"

"आक्का, तुम्ही आत बसा. तांत्रिक बाब हाय," विजयसिंह म्हणाले आणि वहीत लिहिलं : 'स्टँड. लोखंडी की लाकडी?'

आक्का आत गेल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून भांड्यांच्या स्टँडचे खण मोजल्याचा खडखडाट आला.

अरिहंतनं समजावून सांगितलं. पूर्वी अमेरिकेत एकच अंक दोन वाटांनी विकायला जायचा. एक वाट पेपरच्या स्टॉलची. त्या अंकाच्या कोपऱ्यात बारकोड असायचा आणि न खपलेले अंक परत जाऊन रद्दीत निघायचे. दुसरी वाट थेट कॉमिकच्या दुकानाची. तो माल परत घ्यायचा नाही असा करार. त्या अंकावर बारकोडच्या चौकोनात मुंगसाचं तोंड छापायचे. दुकानातून घेतलेले अंक लोकांनी जपले. स्टॉलवरचे पोरांनी गुंडाळून खिशात घातले, शाळेत नेले, फाडले. म्हणून स्टॉलवरचा धड राहिलेला अंक आज मिळता मिळत नाही.

"आतली गोष्ट?" केरबानं विचारलं.

"तीच."

"चित्रं?"

"तीच."

"म्हंजे दूध म्हशीचंच. एक पिशवीतलं आणि एक गंगावेशीत म्हैस उभी करून समोर पिळलेलं."

"बरोब्बर!" अरिहंतला पहिल्यांदाच बरं वाटलं.

त्याच्याकडे दोन्ही अंक होते, एकामागं एक ठेवलेले. शुक्रवारी बघतो तर एकच पिशवी. तोंडवालं मुंगूस जाग्यावर, बारकोडवालं गायब.

विजयसिंहांनी खोलीची तपासणी सुरू केली. उरलेली पिशवी हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले. नाक्यावर ते ट्रक बघून टन सांगत.

"जड लागतीय," ते म्हणाले.

"काय म्हणतासा?"

"गुन्ह्याचं ओझं हाय ते. जिथं पाप घडतं तिथली वस्तू जड हुती." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, भोवती खडूनं गोल ओढला आणि बजावलं, "पुराव्याला हात लावायचा न्हाय. कुणीबी. केस संपस्तोवर."

पहिला निष्कर्ष त्यांनी जिन्यातच काढला. न्यूजस्टँडचा माल न्यूजस्टँडलाच परत जाणार. तासाभरात ते एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्यापुढं उभे होते.

"खरं बोल. मुंगूस कुठं हाय?"

पेपरवाल्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "पावणं, पेपर घ्या न्हायतर वाट सोडा. मागं गिऱ्हाईक हाय."

दुसरा निष्कर्ष बारकोडचा. चोराला अंक नकोच होता, नुसत्या रेघा हव्या होत्या. महागड्या मालावर चिकटवायच्या आणि स्वस्तात सुटायचं! अरिहंतच्या मोबाईलमधला अंकाचा फोटो घेऊन ते बाजारपेठेतल्या मोठ्या किराणा दुकानात गेले. गल्ल्यावरच्या तेजस्वी नावाच्या मुलीनं यंत्र फिरवून बघितलं. यंत्र काही बोललं नाही.

"काका, ह्यो आमचा माल न्हाय," ती म्हणाली. "पापड घेणार हायसा काय?"

त्यांनी पापड घेतले.

खरा धागा मिळाला संध्याकाळी. पुन्हा खोली तपासताना विजयसिंहांना टेबलाच्या कडेवर तांबूस डाग दिसला. ते वाकले, हुंगले आणि एकदम ताठ झाले.

"लसूण!"

अरिहंत दचकला. "आमच्यात कांदा-लसूण चालत न्हाय."

"म्हणूनच! चोर बाहेरचा हाय. तो लसूण खातो. आणि दोन पिशव्यांतली नेमकी भारीतली त्यानं उचलली. म्हंजे त्याला फरक कळतो. मगदूम, अख्ख्या जिल्ह्यात ह्यो फरक कळणारी माणसं किती?"

अरिहंत पांढरा पडला. "दोन. मी आणि पृथ्वीराज."

केरबाचं लक्ष मात्र विजयसिंहांच्या उजव्या बाहीकडे होतं. बाहीच्या टोकाला सकाळच्या मिसळीचा कट वाळून बसला होता. डागाचा रंग तोच. त्यानं हळूच म्हटलं, "आण्णा, तुमची बाही..."

"मध्ये बोलू नगंस. विचार तुटतो."

केरबा गप्प बसला. ह्या गप्प बसण्याचं त्याला पुढं आठ दिवस वाईट वाटत राहिलं.

पृथ्वीराज अरिहंतचा शाळेपासूनचा दोस्त. हुपरीत त्याचं चांदीचे पैंजण घडवायचं काम. दोघांनी सातवीत असताना एका रद्दीवाल्याच्या ढिगात पहिलं कॉमिक शोधलं होतं, अर्धे अर्धे पैसे घालून. तेव्हापासून दर रविवारी तो दहाच्या बसनं यायचा, आक्कांच्या हातचं जेवायचा आणि माडीवर बसायचा. पाच-पाच तास दोघं बोलायचे ते छपाईच्या शाईबद्दल आणि स्टेपलांच्या गंजाबद्दल.

त्या रविवारीही तो आला. खिशात आक्कांसाठी औषधाची बाटली होती. खोलीत विजयसिंह मधोमध उभे.

"सकाळी काय खाल्लासा?" त्यांनी विचारलं.

"मिसळ," पृथ्वीराज हसून म्हणाला. "का?"

"बघा! आरोपी कबूल!"

पृथ्वीराजला आधी ती थट्टाच वाटली. मग त्यानं अरिहंतकडे बघितलं. अरिहंत खाली बघत होता.

"अरी, हे काय म्हणालेत?"

"बारकोडवाला गेलाय, पिरथू. दुसरं कोण ओळखणार?"

"म्हंजे मी नेला?"

पृथ्वीराजनं औषधाची बाटली टेबलावर ठेवली. "आक्कास्नी दे. जेवल्यावर घ्यायचं." तो जिना उतरला. खाली आक्का पानं वाढत होत्या, त्यांना "आज घाई हाय" म्हणाला आणि चप्पल धड न घालताच गेला.

"मुद्देमाल हुपरीत मिळंल," विजयसिंह म्हणाले. पण त्यांचाही आवाज थोडा खाली आला होता.

तो आठवडा फार वाईट गेला. विजयसिंहांनी हुपरीला तीन चकरा मारून पृथ्वीराजच्या दुकानावर समोरच्या हॉटेलातून पाळत ठेवली. चौथ्या चहाला हॉटेलवाल्यानं पृथ्वीराजलाच हाक मारली, "पृथ्वीराज, तुमचं पावणं बसल्यात बघा सकाळधरनं!" अरिहंतनं फौंड्रीत दोन ओतकामं बिघडवली. घरी ताटावर बसायचा आणि उठायचा.

पुढचा रविवार आला. दहाची बस आली असेल, साडेदहा झाले, अकरा झाले. माडीवर विजयसिंह नवा निष्कर्ष मांडत होते : टोळी आंतरराष्ट्रीय असावी. केरबाला ते ऐकवेना. पाणी प्यायच्या निमित्तानं तो खाली स्वयंपाकघरात आला.

आक्का पोळ्या लाटत होत्या. त्यांनी विचारलं, "केरबा, पिरथू का न्हाय आला रं? मागल्या येळंला बी न जेवता गेला."

"काय सांगू आक्का. ती चोरी झाल्यापास्नं सगळं बिघडलंय."

"एका स्टँडासाठी? मी म्हणलं आरीला, नवं आणू की. आमचं भांड्याचं तर जाग्यावरच हाय."

"स्टँड न्हाय ओ आक्का. पुस्तक गेलंय."

लाटणं थांबलं. "पुस्तक?"

"चित्राचं. मुंगसाचं. दोन हुती एकसारखी. एकाच्या कोपऱ्यात रेघा रेघा, एकाच्या कोपऱ्यात तोंड. रेघांचं गेलं."

"एकसारखी दोन? हिरवी? वर मुंगूस उडालंय?"

"व्हय!"

"ती मी एका पिशवीत घातल्यात की," आक्का म्हणाल्या. "माडी झाडताना बघितलं, पुस्तक तेच, चित्र तेच. म्हणलं, एकासारख्या एकाला दोन पिशव्या कशाला? पिशवी कशी झ्याक हुती. आमचा बाहुबलीच्या यात्रेतला फोटो कोपऱ्यात कुरतडला हुता, तो घातला त्यात." त्यांनी लोणच्याच्या बरणीखालचा पांढरा पुठ्ठा दाखवला. "ह्यो बी त्यातलाच. तेल टिपतोय चांगलं."

केरबा जिना दोन दोन पायऱ्या चढत वर गेला. विजयसिंह "खडूच्या आत यायचं न्हाय!" म्हणून ओरडले, तोवर त्यानं पिशवी उचलली होती. अरिहंतनं ती त्याच्या हातातून घेतली, आणि कधी नव्हे ते हात न धुताच उघडली. तोंडवाला अंक पुढं सरकला. त्याच्या आणि पुठ्ठ्याच्या मधून बारकोडवाला निघाला.

अरिहंतनं दोन्ही अंक खडूच्या गोलात शेजारी शेजारी ठेवले.

"म्हंजे," विजयसिंह शेवटी म्हणाले, "ज्याला फरक कळतो तो चोर न्हवता."

"न्हाय आण्णा. जिला फरक कळत न्हवता तिनं आवरलं," केरबा म्हणाला. "आणि लसूण तुमच्या बाहीचा हुता. मी तवाच सांगणार हुतो."

विजयसिंहांनी बाही बघितली. हुंगली. मग ती दोनदा दुमडून कोपरापर्यंत वर केली आणि खाली बसले.

अरिहंत अंक तसाच उघडा टाकून जिन्याकडे निघाला होता. "केरबा, रिक्षा काढ. हुपरीला."

"मीबी येतो," विजयसिंह म्हणाले. "चूक माझी हाय."

हुपरीत रिक्षा थेट दुकानासमोर थांबली. रविवार असूनही पृथ्वीराज कामाला बसला होता. त्यानं वर बघितलं, अरिहंतला बघितलं, मागं उभ्या विजयसिंहांना बघितलं आणि पुन्हा पैंजणाला घुंगरू जोडायला लागला.

"सापडला," अरिहंत म्हणाला.

हात चालूच.

"आक्कानं दोन्ही एका पिशवीत घातलते. दोन पिशव्या कशाला म्हणून." अरिहंत पुढं सरकला. "पिरथू, मी तुझ्यावर... मला वाटलंच कसं, कळत न्हाय. मार पाहिजे तर."

घुंगरू जोडायचं थांबलं. पृथ्वीराजनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"एका पिशवीत," पृथ्वीराज म्हणाला.

"व्हय."

"घालताना कोपरा न्हाय न्हवं दुमडला?"

अरिहंत गोंधळला. "बघितलं न्हाय."

"बघितलं न्हाईस?" पृथ्वीराज ताडकन उठला. "धा दिवस दाबून बसलेला अंक, स्टेपलवर स्टेपल, आणि बघितलं न्हाईस? आता कुठं ठेवलास?"

"टेबलावर. उघडाच."

"उघडा! अरं मर्दा, मग हितं काय करालायस?"

त्यानं कुलूप घातलं, चप्पल पायात सरकवली आणि रिक्षाकडे धावला. मागच्या सीटवर विजयसिंह आधीच ऐसपैस बसले होते. पृथ्वीराजनं आत डोकं घातलं.

"पावणं," तो म्हणाला, "तिकडं सरका."

विजयसिंह सरकले. शिवाजी पेठेतल्या त्या नावाजलेल्या गुप्तहेरानं कोल्हापूर येईपर्यंत अर्धं अंग रिक्षाच्या बाहेर ठेवून प्रवास केला आणि चकार शब्द काढला नाही. शेजारी दोघं मोठमोठ्यानं स्टेपलांच्या गंजावर भांडत होते.